खाडीत होडीवर राहताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या कालव्यांवर होडीतच संसार थाटलेल्यांचे व्हिडिओ बघून हल्ली बरेच जण वसईच्या खाडीत चार रात्री काढायला येतात. त्या कालव्यांचं पाणी दारं लावून अडवलेलं, त्यामुळे पातळी फारशी हलत नाही. आपल्याकडे उधाणाला पाणी सहा तासांत चार मीटरच्या आसपास उतरतं. तरी दर हंगामात तेच दिसतं: दोर आखूड, गाठ घट्ट.

एका पौर्णिमेला घोडबंदरच्या बाजूला एक कुटुंब मध्यरात्रीनंतर धक्क्याला लागलं. भरती टम्म. होडी कडीला आवळून बांधली, खिचडी खाल्ली, झोपले. मी जवळच नांगर टाकून होतो. "दादा, दोर सैल सोडा," म्हटलं, तर "सैल सोडला की होडी हलते, मुलं झोपत नाहीत." पहाटे भांड्यांचा खणखणाट झाला. पाणी खाली गेलेलं, होडी एका अंगाने दोराला लटकलेली, आतली माणसं एका कोपऱ्यात. ताणलेली गाठ सुटते थोडीच! एका कोळी काकांनी आधी मुलांना वर ओढून घेतलं, मग कोयत्याने दोर तोडला. होडी धाडकन आपटली आणि तळाला चीर गेली.

माझी सवय सांगतो. दोन लांब दोर, एक पुढे तिरका, एक मागे तिरका. दोर कडीतून ओवून टोक परत होडीवर आणायचं, म्हणजे धक्क्यावर न चढता सोडता येतो. आणि अर्ध्या ओहोटीला उठायचंच. झोपमोड नको असेल त्याने घरी झोपावं.

वेळ काढायला कोळ्यांचा हिशोब अजून चोख आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, नऊला ओहोटी. मोबाइलवर बघणारे मुंबईच्या अपोलो बंदरची भरतीची वेळ घेतात आणि तीच कल्याणकडे जाताना लावतात. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. मग गाळात रुतून बसतात आणि चिखलाला शिव्या देतात.

नांगराचंही तेच. ओहोटीच्या खोलीवर दोर सोडला तर भरतीला नांगर सुटतो. भरतीची खोली धरा, निदान पाचपट दोर सोडा.

गॅसबाबत मी कोणाचं ऐकत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला की होडीच्या तळात साठतो, आणि पाणी उपसायचा पंपही तिथेच. एक ठिणगी पुरते. चहा झाला की शेगडीचं बटण नाही, सिलिंडरचा नॉब बंद करा. रोज. प्रत्येक वेळी.

बाकी, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडतेय का ते बघत राहा. प्लास्टिकची पिशवी अडकली की इंजिन तापतं. पंख्यात हात घालण्याआधी इंजिन बंद करून चावी खिशात ठेवा. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी, दिव्यांची वेगळी. पुलाखालून जाताना उंची भरतीच्या पाण्यावरून मोजा.

आणि पावसाळ्यात येऊच नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जन्म पाण्यावर गेलेले तांडेलही (होडीचे मुख्य नाखवे) होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमा होऊ द्या, उल्हास नदीचा लोंढा ओसरू द्या, मग या.