‘मॉड्यूल नॉट फाउंड’: कोडमध्ये फाइलचा पाथ शोधताना या चुका टाळा

दादरला ‘एक नंबरवर भेट’ म्हटलं की पूर्वी पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: वेस्टर्नचा एक की सेंट्रलचा? दोन्ही रेल्वे आपापले प्लॅटफॉर्म एकपासून मोजायच्या. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म आठपासून पुढे मोजले जाऊ लागले, १ ते १४ असे सलग आकडे आले आणि तो प्रश्न संपला. कोडमधला ‘./तारीख’ हा पाथ (‘./’ म्हणजे ‘याच फोल्डरमधून’) जुन्या दादरच्या एक नंबरसारखा आहे. तुम्ही कुठे उभे आहात हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थच नाही.

गोरेगावच्या एका ऑफिसात मी फ्रंटएंड आणि बिल्डचं काम बघते. ‘ताई, फाइल समोर दिसतेय, तरी सापडत नाही म्हणतोय’ असं म्हणत कुणी ना कुणी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी येतंच. बहुतेक वेळा गाठ असते ती एन्हान्स्ड-रिझॉल्व्हशी. वेबपॅकच्या, म्हणजे कोडच्या अनेक फायली एकत्र बांधणाऱ्या टूलच्या, पोटात हीच लायब्ररी चालते, आणि स्वतःचं टूल लिहिणारे ती थेटही वापरतात. तिला प्रश्न एकच विचारायचा असतो: या फोल्डरमधून हे नाव घेतलं, तर डिस्कवरची नेमकी कोणती फाइल? उत्तर मात्र तुमच्या कॉन्फिगप्रमाणे बदलतं.

फोल्डरच्या जागी फाइल देणे

लायब्ररी थेट वापरताना पहिली ठेच इथे लागते. रिझॉल्व्ह फंक्शनला आधी एक माहितीचा ऑब्जेक्ट लागतो (रिकामा दिला तरी चालतो), मग शोध जिथून सुरू करायचा ते फोल्डर, आणि मग मागितलेलं नाव. दुसऱ्या जागी बरेच जण फोल्डरऐवजी इम्पोर्ट करणाऱ्या फाइलचाच पाथ देतात. मग ‘./तारीख’ शोधताना लायब्ररी त्या फाइललाच फोल्डर समजून तिच्या आत शिरू बघते. तिथे काहीच सापडणार नाही. आधी डिरनेम, म्हणजे ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पाथ, काढा आणि तो पूर्ण द्या.

याच रोगाचं दुसरं रूप जास्त छळतं. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं टूल) इम्पोर्ट हा तो लिहिलेल्या फाइलच्या जागेपासून मोजला जातो, पण फाइल वाचणाऱ्या रीडफाइलला दिलेला ‘./साचे/पावती’ हा पाथ कमांड जिथून चालवली त्या फोल्डरपासून मोजला जातो. टर्मिनलवर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभं राहून चालवलं की सगळं छान. तीच स्क्रिप्ट क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) लावली की ती युझरच्या होम फोल्डरमधून सुरू होते आणि पावतीचा साचा गायब. पहाटे चारला धावणाऱ्या अशा स्क्रिप्टची तक्रार सकाळी दहाला येते, तोवर कुणाच्याही पावत्या गेलेल्या नसतात. वाचायची प्रत्येक फाइल स्वतःच्या फाइलच्या फोल्डरला जोडूनच मागा. जोडतानाही लक्ष ठेवा: नोडच्या पाथ मॉड्यूलमधल्या जॉइनला दुसरा तुकडा ‘/’ने सुरू होणारा दिला तरी तो पहिल्याला जोडला जातो, त्याच मॉड्यूलमधल्या रिझॉल्व्हला तसाच दिला तर पहिला तुकडा फेकून दिला जातो.

एररमधली चुकीची ओळ धरून बसणे

फाइल सापडली नाही की वेबपॅक शोधाचा सगळा प्रवास छापतं: कोणत्या फोल्डरपासून निघालो, कोणतं पॅकेज-जेसन (पॅकेजची माहिती ठेवणारी फाइल) वाचलं, कोणकोणती एक्स्टेन्शन लावून पाहिली. त्यात एक वाक्य हमखास येतं, ‘ब्राउझर’ या फील्डमध्ये वैध एलियस (नाव किंवा पाथ यांचं टोपणनाव) कॉन्फिगरेशन नाही अशा अर्थाचं. नवखे लोक हे वाक्य गुगल करत बसतात आणि पॅकेज-जेसनमध्ये नसती फील्ड भरतात. तो दोष नाहीच. वाटेत एक दार ठोठावलं, आत कुणी नव्हतं, पुढे गेलो, एवढंच ते सांगतं. तुमच्या कामाच्या ओळी म्हणजे सगळ्यात वरची ‘कुठून निघालो’ सांगणारी आणि खालच्या ‘अस्तित्वात नाही’ म्हणणाऱ्या. त्या खालच्या ओळींतला पूर्ण पाथ कॉपी करून टर्मिनलवर तपासा. तफावत बहुतेक वेळा तिथेच डोळ्यांना दिसते. प्रवास छापून येत नसेल तर वेबपॅकच्या स्टॅट्समधले एररडिटेल्स चालू करा. लायब्ररी थेट वापरत असाल तर रिझॉल्व्ह-कॉन्टेक्स्टमध्ये लॉग नावाचं फंक्शन द्या, हीच सगळी कथा तिथे मिळते.

एलियस एकाच ठिकाणी लिहिणे

‘../../../’च्या माळा कुणालाच नको असतात, म्हणून ‘@/’ला स्रोत-फोल्डरशी जोडलं जातं. चांगलं आहे, करावं. पण ‘@/’ म्हणजे काय हे वेबपॅकला सांगितलं, म्हणजे टाइपस्क्रिप्टला (टाइप तपासता येणारी जावास्क्रिप्ट) आणि जेस्टला (टेस्ट चालवणारं टूल) आपोआप कळत नाही. तिघे तीन वेगळ्या कागदांवर बघतात.

टाइपस्क्रिप्टचा घोळ विशेष, म्हणून थोडं थांबून सांगते. टीएसकॉन्फिगमधल्या ‘पाथ्स’मुळे टाइप तपासणाऱ्याला फाइल सापडते, लाल रेघा जातात, आणि माणूस निर्धास्त होतो. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर टीएससी मात्र जावास्क्रिप्ट लिहून देताना तो पाथ बदलत नाही. आउटपुटमध्ये ‘@/’ जसाच्या तसा राहतो. वेबपॅकसारखा बंडलर असेल तर तो निस्तरतो; नसेल तर नोड सरळ सांगतो की असं पॅकेज नाही. सर्व्हरच्या कोडसाठी माझा कल आता नोडच्या स्वतःच्या सोयीकडे आहे: पॅकेज-जेसनमध्ये ‘इम्पोर्ट्स’ हे फील्ड, आणि नावाची सुरुवात ‘#’ने. ते नोडला मुळातच कळतं, वेगळं टूल लागत नाही.

जेस्टमध्ये एलियस रेजेक्सने, म्हणजे अक्षरांच्या नमुन्याने, लिहावा लागतो. ‘नावाची सुरुवात’ सांगणारं ‘^’ विसरलात, तर नावाच्या मध्येच कुठेतरी ‘@/’ आलेला पाथही पकडला जाईल.

आपल्या फोल्डरसाठी वेबपॅकचा एलियस करताना डाव्या बाजूला खऱ्या पॅकेजचं नाव देऊ नका. ‘युटिल्स’ला एलियस केलं की त्याखालचं सगळंच वळतं, कारण जुळणी सुरुवातीच्या भागावर होते. फक्त नेमकं तेच नाव वळवायचं असेल तर नावाच्या शेवटी ‘$’ लावा. उजव्या बाजूला नेहमी पूर्ण पाथ द्या. तिथे ‘./स्रोत’ लिहिलंत तर तो ज्या फाइलने इम्पोर्ट केलं तिच्यापासून मोजला जाईल, म्हणजे पुन्हा जुनं दादर. आणि जास्त नेमका एलियस आधी, मोघम नंतर.

एक्स्टेन्शनबद्दल थोडक्यात: ती यादी तुम्ही लिहिलीत की वेबपॅकची मूळ यादी (जेएस, जेसन, वॅझम) पुसली जाते. आपलं एक्स्टेन्शन जोडायचं असेल तर शेवटी ‘...’ ठेवा. आणि ‘.जेएस’ असं लिहून प्रत्यक्षात टीएस फाइल हवी असेल, तर त्यासाठी एक्स्टेन्शनएलियस हा वेगळा पर्याय आहे.

मॅकवर चालतं, सर्व्हरवर पडतं

कारण बहुधा मोठी-लहान अक्षरं. मॅकची एपीएफएस आणि विंडोजची एनटीएफएस या फाइल सिस्टिम नेहमीच्या मांडणीत मोठा ‘डी’ आणि छोटा ‘डी’ यांत फरक करत नाहीत, लिनक्स करते. फाइल मोठ्या ‘डी’ची, इम्पोर्ट छोट्या ‘डी’चा, आणि बिल्ड सर्व्हरवर पडतो. चूक सुधारायला मॅकवर फाइलचं नाव बदललं तर गिटला (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) तो बदल दिसत नाही, म्हणून कमिट करायला काहीच उरत नाही. गिट एमव्ही वापरा. टाइपस्क्रिप्ट ५.० पासून नावांतली अशी विसंगती पकडण्याची तपासणी मुळातच चालू असते; ती बंद करू नका.

सिमलिंक आणि दोन रिअ‍ॅक्ट

सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) हा पर्याय मुळात चालू असतो: दुवा सापडला की लायब्ररी त्यामागच्या खऱ्या जागेवर जाते. एनपीएम लिंकने, म्हणजे अशाच दुव्याने, जोडलेलं तुमचं पॅकेज दुसऱ्या फोल्डरमध्ये राहतं, त्याच्या शेजारच्या नोड-मॉड्यूल्समध्ये (पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये) वेबपान बांधणारं स्वतःचं रिअ‍ॅक्ट असतं, आणि शोध तिथूनच वर चढतो. पानावर दोन रिअ‍ॅक्ट येतात आणि हुक (रिअ‍ॅक्टची खास फंक्शन्स) चुकीच्या जागी वापरलात अशी तक्रार दिसते. हुक बिचारे बरोबर असतात. घाईत सिमलिंक बंद करणारे पुढे पीएनपीएम या पॅकेज बसवणाऱ्या टूलवर गेले की अडकतात, कारण त्याची सगळी मांडणीच दुव्यांवर उभी आहे. रिअ‍ॅक्टला एलियसने एकाच प्रतीकडे वळवणं मला बरं वाटतं.

कॅशबद्दल एवढंच: याच लायब्ररीतली कॅश्ड-इनपुट-फाइलसिस्टम ‘फाइल नाही’ हे उत्तरही काही काळ लक्षात ठेवते. लायब्ररीच्या दाखल्यात त्या काळासाठी ४००० मिलिसेकंद दिलेले असतात, ते आपण तसेच उचलतो. वॉच करणारं टूल लिहिताना नवी फाइल आली की पर्ज करा, म्हणजे ती आठवण पुसा.

पाथ बाहेरून येत असेल तर

युझरने पाठवलेलं नाव फोल्डरला जोडून फाइल देणार असाल, तर आधी खरा पाथ काढा आणि मगच तो ठरलेल्या फोल्डरच्या आत आहे का ते पाहा. ‘../’ शोधून पुसणं पुरत नाही. तुलना करताना फोल्डरच्या नावापुढे ‘/’ हवाच. नाहीतर ‘/जतन’ने सुरू होतंय म्हणून ‘/जतन-जुने’ही आत येतं. ही तपासणी रिव्ह्यूमध्ये सुटलेली दिसली की मी कोड पुढे जाऊ देत नाही.

नावात ‘ऱ्य’ असेल तर

मराठीत काम करणाऱ्यांनी हे आवर्जून वाचावं. एका क्लायंटच्या फायलींत ‘कर्मचाऱ्यांची-यादी’ अशी नावं होती. स्क्रीनवर नाव तेच, डेटाबेसमध्ये तेच, आणि लिनक्स सर्व्हर मात्र फाइल नाही म्हणत होता. शेवटी दोन्ही नावांचे बाइट शेजारीशेजारी छापले तेव्हा उलगडलं. ‘ऱ्य’ तीन प्रकारे साठवता येतो. ‘ऱ’ हे एकच चिन्ह वापरलं तर यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ९ बाइट होतात. ‘र’ आणि त्याखाली वेगळा नुक्ता असेल तर १२. साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरलं तरी १२च, पण वेगळे. डोळ्याला तिन्ही सारखे दिसू शकतात. पहिले दोन एपीएफएस एकच मानते, म्हणून माझ्या मॅकवर सगळं उघडत होतं. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमला बाइट जुळायला हवेत. नॉर्मलाइझ या फंक्शनला एनएफसी (यूनिकोडने ठरवलेलं एकसारखं रूप) सांगितलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, तो आपणच बदलून घ्यावा लागतो.

आणखी दोन अडचणी याच वाटेवर भेटल्या. मॉड्यूलच्या यूआरएलमधून पाथनेम सरळ उचलला, तर मराठी फोल्डरचं नाव टक्क्याच्या चिन्हांची रांग होऊन येतं. त्यासाठी नोडचं फाइलयूआरएलटूपाथ हे फंक्शन वापरायचं. आणि लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून जेमतेम ८५ चिन्हं. सरकारी परिपत्रकाचा विषय जसाच्या तसा फाइलचं नाव केला की ती सहज ओलांडली जाते.

आम्ही शेवटी नावं डिस्कवरून काढूनच टाकली. डिस्कवर फाइल आकड्याने ओळखली जाते, मराठी नाव डेटाबेसमध्ये एनएफसी करून ठेवलेलं असतं, आणि डाउनलोड करणाऱ्याला ‘कर्मचाऱ्यांची-यादी’ याच नावाने फाइल मिळते.