चांदीच्या शाईने पहिलं सर्किट छापताना

स्टिकर आणि लेबलं छापण्यात माझी वीस वर्षं गेली, मग चांदीच्या शाईकडे, म्हणजे चांदीचे कण असलेल्या, वीज वाहून नेणाऱ्या शाईकडे वळलो. स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल तुमच्याकडे असेल, तर निम्मी तयारी झालेलीच आहे. मेम्ब्रेन कीपॅड (पातळ फिल्मच्या थरांची बटणपट्टी) आणि ग्लुकोज तपासायच्या पट्ट्या याच पद्धतीनं छापतात.

छापण्याआधी कोरी पॉलिस्टर फिल्म ओव्हनमध्ये शाई भाजायच्या तापमानालाच तापवून घ्या. फिल्म आकसायची ती तेव्हाच आकसू द्या. मी हे टाळलं होतं आणि दुसरा थर पहिल्यावर दीड मिलिमीटर सरकून बसला. सगळे ताव वाया गेले.

शाई पॅलेट नाइफनं सावकाश, डब्याच्या तळापासून ढवळा. चांदी जड, ती खाली बसते. जोरात घुसळलं तर बुडबुडे धरतात.

आता खरा मुद्दा. रंगाच्या छपाईत डोळा पंच असतो, इथे मल्टीमीटर; त्यानं रेषेचा विजेला होणारा रोध ओहममध्ये मोजायचा. रेषेची लांबी भागिले रुंदी, म्हणजे तिच्यात बसणारे चौरस. १ मिलिमीटर रुंद, १०० मिलिमीटर लांब रेषेत १०० चौरस. समजा शाईच्या माहितीपत्रकात २५ मायक्रॉन जाडीला चौरसामागे २० मिलिओहम दिलेत आणि तुमचा सुकलेला थर १० मायक्रॉनचा आहे. मग चौरसामागे ५० मिलिओहम, म्हणजे पूर्ण रेषेला साधारण ५ ओहम यायला हवेत. ८ आले तर आधी भाजणीवर संशय घ्या. बोटाला कोरडी लागणारी शाई आतून कच्ची असू शकते. बऱ्याच शायांना १२० ते १३० अंश सेल्सिअसला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण शब्द माहितीपत्रकाचाच अंतिम. भाजणी पुरी होऊनही आकडा चढाच राहिला, तर थर पातळ पडलाय, जाळी बदला.

मोजून झाल्यावर पट्टी पेन्सिलभोवती वाकवा आणि पुन्हा मोजा. ही सवय मला उशिरा लागली.

मोठं यंत्र एकट्यानं घ्यायची घाई करू नका. फिनलंडमधल्या ओउलूत व्हीटीटी या संशोधन संस्थेकडे रोल-टू-रोल (एका गुंडाळीवरून दुसऱ्या गुंडाळीवर सलग) छपाईची प्रायोगिक लाइन आहे, कंपन्या तिथे उत्पादन आधी आजमावून पाहतात. आपल्या परिसरातल्या चार छापखान्यांनी मिळून निदान एक चांगला ओव्हन आणि थराची जाडी मोजायचं उपकरण घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. तोवर प्रत्येक तावाच्या कडेला १०० चौरसांची एक चाचणी रेषा छापा आणि तिचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. ग्राहक पहिल्यांदा तीच वही मागतो.