पुण्याच्या हिवाळ्यात सायकलने कामावर जाता? मग या चुका टाळा

दिवाळी उलटली की पावसाळाभर जिन्याखाली उभ्या असलेल्या सायकली झटकून बाहेर काढल्या जातात. सायकलने कामावर जाण्यासाठी पुण्यात याहून चांगला ऋतू नाही, हे खरेच आहे. तरीही नोव्हेंबरमध्ये उत्साहाने सुरुवात केलेली अनेक माणसे जानेवारी संपण्याच्या आत पुन्हा दुचाकीवर बसलेली दिसतात. कोणाला खोकला झालेला असतो, कोणाचे गुडघे धरलेले असतात, तर कोणी रोजच्या पंक्चरला कंटाळलेला असतो. गेली अनेक वर्षे या ऋतूत रोज जाऊन-येऊन सुमारे २० किलोमीटर सायकल चालवताना माझ्या असे लक्षात आले आहे, की यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच असते: घराबाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत जी थंडी वाजते, तिच्यावरून आपण साऱ्या प्रवासाची तयारी ठरवतो.

पुण्याच्या हिवाळ्यात एकच एक तापमान कधी नसते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली उतरतो आणि दुपारी २८ ते ३० अंशांपर्यंत चढतो. शहरातही सगळीकडे सारखी थंडी नसते. पाषाण आणि शिवाजीनगर भागांत नोंदले जाणारे किमान तापमान लोहगाव किंवा मगरपट्ट्यापेक्षा पुष्कळदा तीन-चार अंशांनी कमी असते, आणि नदीकाठच्या रस्त्यावर उतरताच हवा एकदम गार झाल्याचे सायकलस्वाराला अंगावरच कळते. मगरपट्ट्यातून निघून पाषाणला पोहोचणाऱ्या माणसाने आपल्या गॅलरीतल्या हवेवर विसंबून कपडे ठरवले, तर त्याचा अंदाज चुकणारच.

कपड्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक आहे ती जाड स्वेटरची. आत सुती बनियन, त्यावर शर्ट आणि वर लोकरीचा स्वेटर घालून निघालेला माणूस पहिल्या दोन किलोमीटरांत सुखावतो. पुढचा चढ लागला की मात्र त्याला घाम फुटतो, सुती बनियन तो घाम शोषून पाठीला चिकटते आणि सिग्नलला दीड-दोन मिनिटे थांबताच ओल्या कपड्यांतून वारा शिरून हुडहुडी भरते. त्याच ओल्या अंगाने कचेरीतल्या वातानुकूलित खोलीत जाऊन बसल्यावर तब्येत बिघडली, तर तो दोष सायकलीचा नाही. काहीजण वारा अडवण्यासाठी पावसाळ्यातला रेनकोटच चढवतात. त्याने बाहेरचा वारा अडतो, पण आतली वाफही बाहेर पडत नाही आणि माणूस आतून भिजतो.

घराच्या दारात उभे असताना किंचित थंडी वाजायलाच हवी, हा या बाबतीतला भरवशाचा नियम आहे. सायकलस्वाराला थंडी मुख्यतः समोरून, वाऱ्यामुळे वाजते. १० अंश तापमानात ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना अंगाला सुमारे ७ अंशांइतकी थंडी जाणवते. म्हणून जाडीपेक्षा वारा अडवणारा पातळ थर जास्त उपयोगी पडतो. आत घाम लवकर वाळणारा टी-शर्ट आणि वर पुढून चेन असलेले पातळ विंडचीटर एवढे पुरते, कारण गरम होऊ लागले की चेन अर्धी उघडता येते. पहाटे पेपर टाकणारी मुले छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवताना मी पाहिली आहेत. यापेक्षा स्वस्त आणि चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही, आणि पोहोचल्यावर ती घडी काढून वाचताही येते. छातीखालोखाल जपायचे असतात ते हात, कारण बोटे बधिर झाली की ब्रेक दाबायला क्षणभर उशीर होतो. तेव्हा हातमोजे घालावेत.

कान झाकण्याच्या नादात दोन गोष्टी बिघडतात. हेल्मेटच्या आत जाड लोकरी कानटोपी घातली, तर हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, वर उचलले जाते आणि पडल्यावर जे वाचवायचे तेच उघडे राहते. शिवाय मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज कानी पडत नाही. पातळ सुती पट्टी किंवा रुमाल पुरेसा असतो. मफलर गुंडाळायचाच असेल, तर त्याची टोके शर्टात खोचावीत. सुटलेले टोक चाकात किंवा साखळीत अडकले, तर माणूस थेट रस्त्यावर आपटतो.

उजेडाकडे होणारे दुर्लक्ष मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उन्हाळ्यात उजेडात होणारा तोच प्रवास आता दोन्ही वेळा अंधारात होऊ शकतो. डायनामोच्या काळात बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस अडवत असत. आता कोणी अडवत नाही म्हणून दिवा लावायचा नाही, हे स्वतःच्या जिवावर बेतणारे आहे. ज्यांच्याकडे मागचा लाल दिवा असतो, त्यांच्यापैकीही अनेकांचा तो दिसत नाही, कारण सीटखाली लावलेल्या दिव्यावर जॅकेटचा घेर किंवा कॅरिअरवरची पिशवी आलेली असते. एकदा पूर्ण तयारी करून सायकलवर बसावे आणि घरातल्या कोणाला तरी वीस पावले मागे उभे करून दिवा दिसतो का, ते विचारावे. पुढचा दिवा किंचित खाली वळवलेला असावा, कारण धुक्यात सरळ समोर रोखलेला प्रकाश धुक्यावरूनच परततो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो.

सकाळच्या कोवळ्या उन्हाचाही एक धोका आहे. आपली सावली आपल्या पुढे लांब पडत असेल, तर समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर थेट ऊन असते आणि त्याला आपण दिसत नाही, असे धरूनच चालवावे. सोलापूर रस्त्याने हडपसर, मांजरी, लोणी या बाजूंना जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा उसाच्या गळिताचा हंगाम असतो आणि ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असे नाही. ट्रॉलीच्या मागोमाग, तिच्या आडोशाने चालवणे सोपे वाटते, पण ती अचानक थांबली किंवा उसाची मोळी सरकली, तर बाजूला व्हायला जागा उरत नाही. रस्त्यावर सांडलेल्या ऊसकांड्यांवरून चाक घसरते ते वेगळेच. दव पडलेल्या सकाळी ड्रेनेजची लोखंडी झाकणे आणि झेब्रा क्रॉसिंगचे जाड रंगाचे पट्टेही तसेच निसरडे होतात. त्यांच्यावर वळण घेऊ नये आणि ब्रेकही दाबू नये.

आता सायकलीच्या तक्रारी. एका जानेवारीत म्हात्रे पुलाच्या अलीकडे माझे पाय एकाएकी मोकळे फिरू लागले. साखळी जागेवर होती, पेडल फिरत होते, पण चाक ओढले जात नव्हते. दुपारी तीच सायकल निमूटपणे चालली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच प्रकार झाला. कारण घरातच होते. कुरकुर थांबावी म्हणून मी आठवड्यापूर्वी फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते त्या मागच्या चाकाच्या दातेरी चकतीत, खोबरेल तेल सोडले होते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठू लागते, हे स्नानघरातल्या बाटलीकडे पाहून रोज दिसत असूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. फ्रीव्हीलच्या आतले, चाकाला पकडून ओढणारे स्प्रिंगचे खटके त्या गोठलेल्या तेलात चिकटून बसत आणि ऊन लागले की सुटत. रॉकेलने ते धुऊन, पूर्ण वाळवून, शिलाई मशीनचे पातळ तेल दोन थेंब घातल्यावर तक्रार संपली. गिअर सकाळी अडत असतील आणि दुपारी सुरळीत पडत असतील, तर केबलची ताण-ढील बदलण्यापूर्वी जुने, घट्ट झालेले वंगण तपासावे.

साखळीला तेल घालणाऱ्यांची दुसरी चूक म्हणजे ते जास्त घालणे. पावसाळ्यात ते धुऊन जात असते, पण हिवाळ्याच्या कोरड्या धुळीत त्याच तेलाचा काळा राप बसतो आणि तो साखळी झिजवतो. तेल घातल्यावर दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने साखळी बाहेरून पुसून काढावी, कारण तेल लागते ते आतल्या पिनांना.

गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी आपण निघतानाच जड गिअर टाकतो का, हे पाहावे. अंग तापवण्यासाठी जोर लावणे हा उलटा उपाय आहे. पहिली दहा मिनिटे हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरू द्यावेत.

खोकल्याचे कारणही पुष्कळदा थंडी नसून धूर असतो. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची गार हवा खालीच साचून राहते, आणि शेकोट्यांचा, जाळलेल्या पाचोळ्याचा आणि वाहनांचा धूर त्यात अडकतो. ऊन तापल्यावर, साधारण नऊ-दहानंतर, तो वर निघून जातो. शक्य असेल त्यांनी तासभर उशिरा निघावे, नाही तर गल्ल्यांचा आतला रस्ता धरावा. रुमालाने सूक्ष्म धूर गाळला जात नाही, त्यासाठी एन-९५ मास्कच लागतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी गार हवेत जोर लावण्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे.

शेवटी पंक्चर. हिवाळ्यात हवा लवकर उतरते असे म्हणतात, पण तापमान १० अंशांनी उतरले तर ६० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) भरलेल्या टायरमधली जेमतेम दोन-अडीच पीएसआय हवा कमी भरते. खरे कारण बहुधा रस्त्याच्या कडेला असते. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर पसरलेल्या सराट्यांची काटेरी फळे आता वाळून टणक झालेली असतात. ट्यूब बदलूनही दुसऱ्या दिवशी टायर बसला, तर काटा टायरमध्येच राहिला आहे असे समजावे. टायरच्या आतून जुन्या सुती फडक्याचा बोळा हळूहळू फिरवावा. जिथे त्याचा धागा अडकेल तिथे काट्याचे तांदळाच्या कणीएवढे टोक सापडते. ते चिमट्याने बाहेरच्या बाजूने ओढून काढल्याशिवाय नवी ट्यूब बसवू नये.