ऑफिसातल्या हेडशॉटचं काम: नव्याने उतरणाऱ्यांसाठी

हिंजवडी किंवा बीकेसीतल्या एखाद्या कंपनीच्या एचआरचा फोन येतो, कर्मचाऱ्यांच्या हेडशॉटसाठी, म्हणजे डोक्यापासून छातीपर्यंतच्या फोटोंसाठी. 'चाळीस जण आहेत, एका दिवसात उरकेल का? आणि पर हेड किती घेता?' लग्नाच्या फोटोग्राफीतून आलेल्याला हे काम फार सोपं वाटतं. परीक्षा असते ती सहा महिन्यांनी. तीन नवे लोक रुजू होतात आणि त्यांचे फोटो वेबसाइटवर जुन्या चाळिसांच्या ओळीत बसवायचे असतात. मागचा राखाडी रंग एक छटा जरी इकडेतिकडे झाला, तरी ते तिघे पाहुण्यासारखे दिसतात. चांगला फोटो बरेच जण काढतात. तोच फोटो पुन्हा काढून देणाऱ्याला कंपनी परत बोलावते. म्हणून कॅमेऱ्याच्या बॅगेत एक वही आणि मोजपट्टी हवीच.

वहीत काय लिहायचं, ते मांडणीवरून ठरतं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स, क्रॉप (लहान) सेन्सरवर ५० मिमी, आणि माणूस सहा फुटांवर. कॅमेरा उभा धरला की डोक्यापासून छातीपर्यंतची चौकट मिळते. जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलं की नाक फुगतं आणि कान मागे जातात. लोक लेन्सला दोष देतात, पण तो दोष अंतराचा असतो. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड, एफ ५.६ ते ८. एफ १.८ ला सहा फुटांवर जेमतेम ५ सेंटिमीटर खोली शार्प राहते. माणसाने मान जरा वळवली की एक डोळा शार्प आणि दुसरा मऊ. एफ ८ ला हीच खोली २० सेंटिमीटरच्या वर जाते. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/१६० सेकंद. एवढं लावून फ्लॅश बंद ठेवून एक फ्रेम काढा. ती जवळपास काळी आली पाहिजे. आली नाही, तर छतावरचे एलईडी पॅनल तुमच्या उजेडात मिसळताहेत आणि चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला हिरवट किंवा पिवळट झाक येणार. ती नंतर काढत बसण्यापेक्षा दिव्यांचं बटण कुठे आहे ते विचारलेलं बरं.

मुख्य उजेडासाठी फ्लॅशवर ९० सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स (उजेड मऊ करणारी आठकोनी कापडी पेटी) पुरतो. चेहऱ्यापासून साडेतीन फूट, ४५ अंशांवर, मध्य डोळ्यांच्या फूटभर वर. बुबुळात उजेडाचा ठिपका घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या जागी दिसला की उंची बरोबर. दुसऱ्या बाजूला दोन फुटांवर उजेड परतवायला पांढरा थर्माकोल उभा करा. महागड्या रिफ्लेक्टरपेक्षा तो वाऱ्यावर कमी हलतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. माणूस आणि मागचा राखाडी कागदाचा पडदा यांत पाच फूट. त्या हिशेबाने मुख्य उजेड पडद्यापर्यंत साधारण अडीच स्टॉपने (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी होऊन पोहोचतो, त्यामुळे राखाडी कागद कोळशासारखा दिसतो. फिका हवा असेल तर पडद्यासाठी वेगळा फ्लॅश लावायचा. त्याची पॉवर किती ठेवली, तेही वहीत.

बहुतेकांची चूक होते ती जमिनीवर. माणूस मुख्य दिव्याच्या दिशेने एक फूट सरकला, म्हणजे साडेतीनचे अडीच फूट झाले, की चेहऱ्यावरचा उजेड जवळजवळ दुप्पट होतो. पूर्ण एक स्टॉप. म्हणून पायांच्या जागी चिकटपट्टीची फुली मारा. स्टँडचे पाय आणि ट्रायपॉडही पट्टीने आखून घ्या, कारण जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी खुर्ची ओढताना धक्का देणारच. लोकांच्या उंचीत फरक असतो, तेव्हा सगळ्यांना स्टुलावर बसवणं सोपं. पहिली फ्रेम ग्रे कार्डची (नंतर रंग जुळवायला लागणारं राखाडी कार्ड), आणि प्रत्येकाची पहिली फ्रेम हातात नाव आणि एम्प्लॉयी कोडची चिठ्ठी धरून. हे टाळलं, तर रात्री दोन 'अमित'मधला कुठला कोण हे शोधत बसावं लागतं.

चष्मा हा या कामातला रोजचा त्रास. दिवा आणखी वर आणि बाजूला न्या, चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा सेंटिमीटर उचला, हनुवटी थोडी खाली. ब्लू-कटच्या (निळा उजेड अडवणाऱ्या) काचांवर तरीही जांभळट झाक राहते. मग त्याच पोझमध्ये एक फ्रेम चष्म्याशिवाय घेऊन ठेवा. डोळ्यांचा भाग नंतर जोडता येतो. उन्हात काळवंडणाऱ्या काचा असतील तर त्या माणसाला दहा मिनिटं आधी आत बसवा.

'हसा' म्हटलं की माणूस दात दाखवतो, डोळे कोरडेच राहतात. त्यापेक्षा काम सांगा: पाय थोडे तिरके, खांदे खाली, आणि कासव मान काढतं तशी हनुवटी पुढे घेऊन किंचित खाली. विचित्र वाटतं, पण दुहेरी हनुवटी जाते. दोन-चार फ्रेम झाल्या की लॅपटॉपवर दाखवा. स्वतःचा बरा फोटो बघितल्यावरच बहुतेकांचे खांदे सैल पडतात. गळ्यातलं आयडी कार्ड काढायला लावा, टिकली मधोमध आहे का बघा, कॉलर आणि पदराची पिन तपासा. बारीक चौकड्यांच्या शर्टावर स्क्रीनवर लाटा उठतात, म्हणून साधे कपडे घालायला एचआरला आधीच कळवा. टिश्यू, फणी, आरसा आणि सेफ्टी पिना आपल्याच बॅगेत. एकाला पाच मिनिटं धरली तर चाळिसांना दोनशे होतात. प्रत्यक्षात पाच तास धरा, कारण साहेब लोक दिलेल्या वेळेला कधीच येत नाहीत.

रिटचिंगला, म्हणजे फोटो नंतर साफ करायला, एक नियम पुरतो: पंधरा दिवसांत जाईल ते काढा, उरेल ते ठेवा. मुरूम, दाढीचा काप जातो. तीळ आणि जुना व्रण राहतो. 'जरा गोरं करा' ही मागणी येतेच. नाही म्हणा. दोघांना केलंत तर उरलेले अडतीस रांगेत उभे राहतील, आणि वहीतली सगळी मापं फुकट.

आता पैसे. नुसता पर हेड भाव देऊ नका. चाळीस सांगून बावीसच येतात, तुमचा दिवस मात्र पूर्ण जातो. अर्ध्या दिवसाची किमान रक्कम ठरवा, त्यावर ठरावीक संख्येपुढे पर हेड, आणि निम्मे आगाऊ. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक वेगळा करार नसेल तर काढून घेणारा, म्हणजे इथे कंपनी, असतो. नमुना म्हणून तुमच्या पेजवर टाकायचे असतील, तर ती परवानगी कोटेशनमध्येच लिहून घ्या, आणि ज्याचा चेहरा आहे त्यालाही विचारा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे, त्यामुळे सुरुवातीला ही नोंदणी बहुधा लागत नाही. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र लगेच करा, ती मोफत आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्सवाल्यांशी बोलणं सोपं जातं.