यूट्यूबवरून पोकर शिकताय? या चुका टाळा

दिवाळीच्या तीन पत्तीवर वाढलेला माणूस पोकरच्या टेबलावर पहिल्या अर्ध्या तासात ओळखू येतो. सत्ती-अठ्ठी-नव्वी-दश्शी-गुलाम जुळले की तो ताठ बसतो, सगळ्या चिप्स पुढे ढकलतो आणि समोरच्याचे पाच बदाम बघून विचारतो, "पण सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा ना?" मीही हेच विचारलं होतं. पोकरमध्ये कलर मोठा. तीन पत्त्यांत साधा सिक्वेन्स 720 प्रकारे लागतो आणि कलर 1,096 प्रकारे, म्हणून तिथे सिक्वेन्सला मान. पाच पत्त्यांत पारडं फिरतं: सिक्वेन्स 10,200, कलर 5,108. (गंमत म्हणजे तीन पत्तीत ट्रेल 52 प्रकारे लागते आणि प्युअर सिक्वेन्स 48 प्रकारे, तरी मोठी ट्रेलच. मी काकांना कारण विचारलं तेव्हा "तू पत्ते वाट" एवढंच उत्तर मिळालं.) 'ब्लाइंड' शब्दही असाच फसवतो. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं. पोकरमध्ये ती दोन जागांवर बसलेल्यांनी पत्ते वाटण्याआधी भरायची सक्तीची रक्कम असते, आणि ती भरल्यावर पत्ते खुशाल बघायचे.

या चुका दोन बैठकांत सुटतात. व्हिडिओ बघून लागलेल्या सवयी सुटायला मला चार वर्षं लागली.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला देशभर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद तिथे कामाला येत नाही. खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, बँकांनाही असे व्यवहार करायला मनाई आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. तेवढंच वाक्य धरून कोणी टेलिग्रामवर "बाहेरच्या साइटवर खातं काढून देतो" म्हणाला तर तिथेच थांबा. पैसे अडकले तर तक्रार कुठे करणार? बाकी अ‍ॅपवर खोट्या चिप्सने खेळता येतं, घरी मित्रांबरोबर फुकट खेळता येतं, आणि गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोंच्या जहाजांवर टेबलं आहेतच. गोव्याच्या रहिवाशांना मात्र तिथे खेळायला मनाई आहे.

तक्रार पहिली: "मी ब्लफ मारला की कोणीतरी कॉल करतंच"

ब्लफ म्हणजे हातात काही नसताना मोठी रक्कम लावणं, कॉल म्हणजे तेवढीच रक्कम भरून डावात राहणं. ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो. तिचं मूळ कॅमेऱ्यात आहे.

टीव्हीवरचं पोकर पूर्वी बघवत नसे. गंभीर चेहऱ्याची माणसं पत्ते टाकताना, म्हणजे डाव सोडताना, दिसायची, कोणाकडे काय होतं ते कळायचं नाही. 1999 मध्ये ब्रिटनच्या चॅनल 4 ने टेबलातूनच खेळाडूंचे झाकलेले पत्ते दाखवायला सुरुवात केली आणि पोकर बघण्याजोगं झालं. मग 2003. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरीतून लास वेगासच्या पोकर वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत शिरला आणि 25 लाख डॉलर जिंकला. मनीमेकर हे त्याचं खरंखुरं आडनाव. त्या वर्षी स्पर्धेत 839 जण होते, 2006 मध्ये 8,773.

या पोकरमध्ये प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात आणि मध्ये पाच सामाईक पत्ते (बोर्ड) टप्प्याटप्प्याने उघडतात. शेवटच्या लढतीत एका डावात त्याच्याकडे राजा-सत्ती होती. कलर लागला नाही, सिक्वेन्सही लागला नाही, जोडीसुद्धा नाही. तरी त्याने सगळ्या चिप्स ढकलल्या, आणि नव्व्यांची जोडी धरून बसलेल्या सॅम फारहाने पत्ते टाकले. तो डाव जगभरच्या पोरांनी शंभरदा पाहिला आणि त्यातून धडा एकच घेतला: हिंमत कर, समोरचा पळेल.

फारहा अनुभवी व्यावसायिक होता, मोठा हात टाकून देण्याची त्याला सवय होती. तुमच्या टेबलावरचे काका पुण्याहून वीकेंडला आलेत. त्यांच्याकडे नव्व्यांची जोडी आहे आणि त्यांना फक्त तुमचे पत्ते बघायचेत. ते टाकणार नाहीत.

हिशेब सोपा आहे. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, 100 असताना तुम्ही 100 चा ब्लफ मारला, तर निम्म्या वेळा समोरच्याने पत्ते टाकले तरच बरोबरी होते. 50 चा मारलात तर तीनातून एकदा टाकले तरी पुरतं. त्यामुळे टेबलावर बसल्यावर पहिला अर्धा तास मी एवढंच मोजतो, की शेवटच्या पत्त्यावर मोठी बेट (लावलेली रक्कम) आली तर इथली माणसं किती वेळा टाकतात. कोणी टाकतच नसेल तर ब्लफ बंद. चांगला हात लागला की जरा जास्त मागायचं. व्हिडिओत हे कोणी दाखवत नाही, कारण बघायला अतिशय कंटाळवाणं आहे.

आणि व्हिडिओत काय येतं तेही बघा. कॅसिनोच्या टेबलावर तासाला 25 ते 30 हँड, म्हणजे डाव, होतात. आठ तास बसलं तर दोनशेच्या पुढे. व्लॉगमध्ये त्यातले सहा-सात येतात. उरलेल्या बहुतेक हँडमध्ये माणसाने पत्ते बघितले, टाकले आणि चहा घेतला. ते टाकणंच शिकण्यासारखं असतं आणि नेमकं तेच कापलेलं असतं.

यावर मला लागू पडलेला उपाय अगदी घरगुती आहे. स्क्रीनवर पत्ते जिथे दिसतात तिथे लग्नपत्रिकेचा पुठ्ठा टेकवायचा. मग दर बेटनंतर व्हिडिओ थांबवून वहीत लिहायचं: याच्याकडे काय काय असू शकेल? एकच हात लिहायचा नाही, सगळे शक्य हात लिहायचे. एक्का-राजा असेल तर तो 16 प्रकारे असू शकतो, एखादी ठरावीक जोडी 6 प्रकारे. म्हणून समोर एक्का-राजा किंवा राण्यांची जोडी असेल असं वाटत असेल, तर बोर्ड उघडण्यापूर्वी एक्का-राजाची शक्यता जवळजवळ तिप्पट. पुठ्ठा काढायचा तो शेवटी. पहिल्या आठवड्यात माझे अंदाज इतके हास्यास्पद निघाले की वही बायकोला दिसू नये म्हणून कपाटात ठेवली.

तक्रार दुसरी: "नऊ गुणिले चार केलं, तरी हरलो"

तीस सेकंदांच्या रील्सनी केलेलं नुकसान. सूत्र खरं आहे: तुमचा हात पूर्ण करणारे पत्ते मोजा, दोन पत्ते उघडायचे असतील तर चारने गुणा, एक उघडायचा असेल तर दोनने. कलरला एक पत्ता कमी असेल तर उपयोगाचे पत्ते नऊ, म्हणजे साधारण 35 टक्के. पण हा आकडा दोन्ही पत्ते आणखी पैसे न भरता बघायला मिळणार असतील तेव्हाचा, म्हणजे बहुधा सगळ्या चिप्स आत गेलेल्या असताना. एरवी पुढच्या एका पत्त्याचा हिशेब धरायचा, तो 19 टक्क्यांच्या आसपास.

आता पॉट 400, समोरच्याची बेट 200. तुम्ही 200 भरलेत की पॉट 800 होतो, म्हणजे निदान 25 टक्के संधी हवी. हातात 19 आहे. हात लागल्यावर समोरचा आणखी भरणार असेल तर कॉल चालेल, नाहीतर पत्ते टाका. रीलमध्ये एवढं सांगायला जागा नसते.

तक्रार तिसरी: "सॉल्व्हर म्हणतो ते केलं"

2015 च्या सुमारास सर्वसामान्य खेळाडूच्या कॉम्प्युटरवर चालणारे सॉल्व्हर, म्हणजे बिनचूक खेळी गणिताने काढणारे प्रोग्राम, आले आणि शिकवण्याची भाषाच बदलली. त्याच वर्षी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांच्या लिमिट पोकरचं (ज्यात बेटची रक्कम ठरलेली असते) कोडं जवळजवळ सोडवल्याचं जाहीर केलं. 2019 मध्ये प्लुरिबस नावाच्या प्रोग्रामने सहा जणांच्या नो-लिमिट (बेटला मर्यादा नसलेल्या) टेबलावर व्यावसायिकांना हरवलं. तेव्हापासून शिकवणीच्या व्हिडिओत कोणत्या हाताने काय करायचं ते दाखवणारे सॉल्व्हरचे हिरवे-लाल चौकोन दिसले की आपण माना डोलावतो.

सॉल्व्हरला दोघांकडे कोणते हात असू शकतात, चिप्स किती आणि बेट केवढ्या लावता येतील हे आधी सांगावं लागतं. मग तो स्वतःशीच खेळत राहतो आणि कोणालाच डाव बदलून फायदा होणार नाही अशा जागी पोचतो. आत घातलेला अंदाज चुकीचा असला तर उत्तरही तसंच येणार. शिवाय त्याच्या हिशेबात समोरचाही बिनचूक खेळतो. आपले पुण्याचे काका त्या फायलीत नाहीत.

सर्वांत मोठा घोळ टक्केवारीचा. "या हाताने 40 टक्के वेळा बेट, 60 टक्के वेळा चेक (काही न लावता पुढे जाणं)" असं दिसलं की लोक पाठ करतात. मी एका मुलाला ही टक्केवारी साधण्यासाठी घड्याळाचा सेकंदकाटा बघून बेट लावताना पाहिलंय. अशा मिश्र उत्तराचा अर्थ त्या जागी दोन्ही मार्गांचं मोल जवळपास सारखं आहे, इतकाच. तिथे डोकं शिणवू नका. शंभर टक्के एकाच रंगाचे चौकोन कुठे आहेत आणि ते का, ते बघा. मग एक गोष्ट बदला, समोरच्याला जास्त कॉल करायला लावा, आणि काय हललं ते पाहा. बहुतेक वेळा ब्लफ गळतात. हे सगळं खेळ संपल्यावर. खेळताना सॉल्व्हर उघडणं ही सरळ फसवणूक आहे.

तक्रार चौथी: "तीन महिने जिंकतोय, आता नोकरी सोडू का?"

नको. नो-लिमिटमध्ये निकालांचा चढउतार दर 100 हँडमागे साधारण 80 ते 100 बिग ब्लाइंड (सुरुवातीला सांगितलेल्या दोन सक्तीच्या रकमांपैकी मोठी) इतका असतो. 90 धरा. खरोखर चांगला खेळाडू, जो दर 100 हँडमागे सरासरी 5 बिग ब्लाइंड जिंकतो, 10,000 हँडनंतर दर 100 हँडमागे सरासरी उणे 13 पासून अधिक 23 पर्यंत कुठेही दिसू शकतो. रडतकढत हरणाराही तितक्याच सहज जिंकताना दिसेल. एक लाख हँड झाले तरी वर-खाली सहाची सूट द्यावी लागते. गोव्यात वर्षाला दोन वीकेंड, मिळून तीस तास खेळणाऱ्याला नुसत्या 10,000 हँडसाठी बारा वर्षं जावं लागेल. तोवर मुलगी कॉलेजात जाईल.

दुसऱ्यांचे आकडे बघतानाही हेच. स्पर्धांच्या निकालांच्या याद्यांत बक्षिसाची रक्कम असते, भरलेली प्रवेश फी नसते. समजा एकाने वर्षात 10,000 डॉलरच्या 30 स्पर्धा खेळून 2 लाख 40 हजार डॉलर मिळवले. यादीत तो हिरो, खिशातून 60 हजार गेलेले. ते पैसेही बऱ्याचदा पूर्ण त्याचे नसतात, कारण हिस्से विकून खेळण्याची पद्धत सर्रास आहे. हातात लाखोंच्या चिप्स घेऊन बसलेल्या माणसाच्या त्या चिप्सपैकी किती टक्के त्याच्या स्वतःच्या आहेत, हे थंबनेलवरून कळत नाही.

किरकोळ, पण महागात पडणारं

व्हिडिओतल्या टेबलावर लोकांसमोर 250 बिग ब्लाइंड असतात, तुमच्यासमोर 40. छोट्या जोड्या किंवा इस्पिकची पंजी-छक्की तिथे चालतात, इथे नाही. रेक, म्हणजे प्रत्येक पॉटमधून कॅसिनो कापतो तो हिस्सा, व्हिडिओत कोणी फारसा सांगत नाही. छोट्या टेबलावर तोच तुमचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी असतो. बसण्यापूर्वी टक्केवारी आणि कमाल मर्यादा विचारा.

आणि ग्रुपवर हँड विचारायला टाकताना शेवट लिहू नका. "मी कॉल केला, त्याच्याकडे एक्क्यांची जोडी निघाली, बरोबर होतं का?" यावर सगळे शहाणे "टाकायला हवं होतं" म्हणतात. टेबलावरची जागा, चिप्स, पॉट आणि प्रत्येक बेट लिहा, निर्णयाच्या क्षणी थांबा.

नाशिकच्या एका मित्राने परवा असाच हँड पाठवला. राण्यांची जोडी, बोर्डवर राजा, शेवटच्या पत्त्यावर समोरून पॉटएवढी बेट. आमचा वाद दोन दिवस चालला, शेवटी मी "टाक" म्हणालो, तो अजूनही "कॉल" म्हणतो. समोर काय निघालं ते त्याने सांगितलेलं नाही.