भरपगारी रजा: आधी हिशोब, मग अर्ज

वाशीतलं शोरूम असो की वागळे इस्टेटमधलं ऑफिस, महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा 2017 लागू असेल तर आधी हजेरीपट पाहा. वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा. 280 दिवसांच्या 14. शिल्लक 45 पर्यंत साठते. किरकोळ रजा 8, पण वर्षअखेर बुडतात, तेव्हा त्या आधी वापरा. सणाच्या सुट्ट्याही 8: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. गाडं इथेच अडतं: गणपती जवळ आल्यावर मागून उपयोग नाही, यादी डिसेंबरातच लेखी घ्या.

अर्ज ईमेलने करा. तोंडी होकाराला पुरावा नसतो. कारखान्यांचे नियम वेगळे.