उपनगरात घर घेताय? परिसर जोखताना या चुका टाळा

हॉल किती बाय किती आणि पार्किंग कुठलं मिळणार, यावर चार-चार रविवार घालवणारी माणसं घराभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरची चौकशी दहा मिनिटांत उरकतात. पुणे आणि मुंबईच्या उपनगरांत वर्षानुवर्षं हेच चाललंय. टाइल्स नंतर बदलता येतात. शेजारच्या जमिनीवरचं बाग, रस्ता, कचरा डेपो अशा सार्वजनिक कामासाठीचं आरक्षण, नदीची पूररेषा आणि न आलेली पाण्याची लाइन यांवर फ्लॅटमालकाचा काहीच ताबा नसतो.

विकास आराखडा न बघणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. ‘डीपी (म्हणजे विकास आराखडा) बघितला का?’ असं विचारलं की बरेच जण सेल्स ऑफिसच्या भिंतीवरच्या रंगीत नकाशाबद्दल बोलू लागतात. तो जाहिरातीचा भाग आहे. खरा नकाशा महापालिकेच्या किंवा पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) नगररचना विभागात मिळतो. गट नंबर किंवा सर्व्हे नंबर देऊन अर्ज करा आणि झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) व भाग नकाशा (आराखड्यातला त्या जागेभोवतीचा तुकडा) मागा. फक्त आपल्या प्रकल्पाचा गट नंबर नेऊ नका. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर शेजारचे गट दिसतात. चारही बाजूंचे नंबर लिहून न्या.

नकाशात सगळ्यांत फसवं आरक्षण असतं ते उद्यानाचं. ‘गार्डन फेसिंग’ म्हणून जास्त दर लावला जातो, पण नकाशावर हिरवा तुकडा असला म्हणजे तिथे बाग होईलच असं नाही. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम १२७ नुसार आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपतं आणि त्या जागेवर इमारत उभी राहू शकते. म्हणून त्या गटाचा सातबारा काढून बघावा. कब्जेदार म्हणून अजून खासगी नावं असतील, तर बाग नाहीच असं धरून दर ठरवावा.

आरक्षण दुर्लक्षून काय होतं, ते नालासोपारा पूर्वेत दिसलं. कचरा डेपो आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखीव जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या आणि लोक राहायलाही आले. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर काही आधी आणि उरलेल्या २०२५ च्या सुरुवातीला पाडल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबांना घरं सोडावी लागली. हे आरक्षण आराखड्यात नोंदलेलं होतं.

त्याच वर्षी मे महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत इंद्रायणीकाठचे ३६ बंगले पाडले गेले. ते निळ्या पूररेषेच्या आत होते. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध असतं. दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते. परवानगी मिळाली तरी तिथे घर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नदी किंवा ओढा जवळ असेल तर भाग नकाशावर या दोन्ही रेषा दाखवायला सांगा. उल्हास, मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्यांच्या काठाला हेच लागू.

मेट्रो येणार म्हणून आजच जास्त पैसे मोजणं

बेलापूर ते पेंधर हा नवी मुंबई मेट्रोचा मार्ग जेमतेम ११ किलोमीटरचा. काम २०११ मध्ये सुरू झालं, गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. घोडबंदर रस्त्यावरून जाणाऱ्या मेट्रो ४ चं भूमिपूजन डिसेंबर २०१६ चं आणि तिची चाचणी धाव झाली सप्टेंबर २०२५ मध्ये. तोवर घर घेणाऱ्याचा ईएमआय काही थांबलेला नसतो. मेट्रोचा प्रवास डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), राज्याची मंजुरी, केंद्राची मंजुरी, निविदा, कार्यादेश असा असतो. कार्यादेश निघून खांब उभे राहीपर्यंत मेट्रोच्या नावाने एक रुपयाही वाढवून देऊ नये. खांब दिसले तरी जाहीर तारखेत निदान तीन वर्षं मिळवून हिशेब करावा आणि तेवढी वर्षं आजच्या बसने, आजच्या रस्त्याने कामावर जाणं झेपेल का, ते बघावं. झेपणार नसेल तर ती जागा तुमच्यासाठी नाही.

‘महापालिकेत आलं, आता पाणी येईल’

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. हद्द एका अधिसूचनेने बदलते. जलवाहिनी, टाकी आणि पाण्याचा कोटा यांना अनेक वर्षं लागतात. हिशेब साधा आहे. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर चार जणांच्या १०० घरांना दिवसाला ५४ हजार लिटर लागतात, म्हणजे १० हजार लिटरचे जवळजवळ साडेपाच टँकर. शेजारच्या जुन्या सोसायटीच्या गेटवर टँकरची नोंदवही असते, ती मे महिन्यात बघा. नाही दाखवली तर मेंटेनन्सच्या बिलात पाण्याचा खर्च वेगळा किती पडतो, ते विचारा. टँकर किंवा विहिरीचं पाणी कोण तपासतं, हेही विचारा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याजवळच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा तिथल्या पाण्यावरच बोट ठेवलं गेलं होतं.

रेरा नंबर बघून निश्चिंत होणं

कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं प्राधिकरण) नोंदणी मिळवली होती. रेरावर अपलोड केलेलं बांधकाम परवानगीचं पत्र डाउनलोड करा आणि त्याचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळून घ्या.

बाकीच्या चुका

रविवारी दुपारी साइट बघणं. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला तिथून ऑफिसपर्यंत जाऊन बघा आणि जुलैच्या मुसळधार पावसात एक फेरी मारा.

डीपी रस्ता (आराखड्यात दाखवलेला) गृहीत धरणं. त्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा. मध्येच कुणाचं शेत लागलं तर भूसंपादन बाकी आहे.

समोर मोकळं आहे म्हणून उजेडाचे जास्त पैसे देणं. रस्ता जितका रुंद तितका टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला जास्तीच्या बांधकामाचा हक्क) जास्त वापरता येतो, म्हणजे समोरचा टॉवर तितका उंच.

शाळा आणि रुग्णालयाचे फलक मोजणं. सुरू काय आहे आणि रात्री अकराला डॉक्टर कुठे मिळतो, ते बघा.

ऑफर संपते म्हणून घाईने टोकन देणं. भाग नकाशा हातात येईपर्यंत थांबा. सेल्समन रोज फोन करेल, करू द्या. आणि टोकन दिलंच तर लक्षात ठेवा: रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.